जॅकपॉट न लागण्याचं गणित

लॉटरीत नशीब येतं ते अगदी शेवटी, सोडतीच्या वेळी. किती चेंडूंमधून किती काढायचे, तिकीट कितीला विकायचं, जमलेल्या पैशातला किती हिस्सा बक्षिसांना ठेवायचा, त्यातला किती एकाच्या पदरात घालायचा आणि किती हजारोंना चिल्लर म्हणून वाटायचा, हे सगळं त्याच्या कितीतरी आधी ठरलेलं असतं. ठरवणारी माणसं गणित जाणणारी असतात. त्यांच्यापुढे संगणक असतो आणि हवा तो निकाल मिळेपर्यंत आकडे बदलून पाहण्याची मुभा असते. तिकीट घेणाऱ्याच्या मनात मात्र लॉटरी म्हणजे नुसती दैवाची गोष्ट. लॉटरीवर वाद घालणारेही तेवढ्यावरच बोलतात: जुगार नैतिक की अनैतिक, गरिबाला स्वप्न विकावं की विकू नये. खेळाच्या आराखड्याकडे कुणी बघत नाही. माझं म्हणणं असं की लॉटरीतला न्याय-अन्याय त्या आराखड्यातच ठरतो. आणि जिथे लॉटरी चालवणारं सरकार असतं, तिथे तो आराखडा त्यामागच्या हिशेबासकट लोकांसमोर असायला हवा.

अमेरिकेतल्या पॉवरबॉलचं उदाहरण घेऊ. अनेक राज्यांनी मिळून चालवलेला हा खेळ. ऑक्टोबर २०१५ पर्यंत त्यात ५९ पांढऱ्या चेंडूंमधून ५ आणि ३५ लाल चेंडूंमधून १ निघत असे. सहाही आकडे जुळले की जॅकपॉट. ती शक्यता १७,५२,२३,५१० मध्ये एक. ७ ऑक्टोबरच्या सोडतीपासून पांढरे चेंडू ६९ झाले, लाल २६ झाले, आणि जॅकपॉटची शक्यता २९,२२,०१,३३८ मध्ये एक इतकी खाली गेली. तिकीट तेच, २ डॉलरचं. एरवी मालाचा कस चाळीस टक्क्यांनी उतरवला आणि भाव तोच ठेवला, तर गिऱ्हाईक पाठ फिरवतं. इथे उलटं झालं. १३ जानेवारी २०१६ च्या सोडतीपर्यंत, म्हणजे जेमतेम तीन महिन्यांत, जॅकपॉट १५८ कोटी ६० लाख डॉलरवर पोहोचला. अमेरिकेत तोवर एवढा मोठा जॅकपॉट कधी झाला नव्हता. कॅलिफोर्निया, फ्लोरिडा आणि टेनेसी या राज्यांतल्या तीन तिकिटांनी तो वाटून घेतला. कस उतरला म्हणूनच गर्दी वाढली होती.

या बदलातली खरी कारागिरी लाल चेंडूंत आहे. पांढरे वाढवले ते जॅकपॉट दुर्मिळ करायला, हे लगेच कळतं. मग लाल कमी का केले? कारण नुसता लाल चेंडू जुळला तरी ४ डॉलर मिळतात. ही शक्यता पूर्वी ५५ तिकिटांमागे एक होती, ती ३८ मागे एक झाली. त्यामुळे कुठलं ना कुठलं बक्षीस लागण्याची शक्यता सुमारे ३२ मध्ये एक होती, ती सुमारे २५ मध्ये एक झाली. 'जिंकण्याची संधी आता अधिक' असं छातीठोकपणे सांगता येतं आणि त्यात अक्षरही खोटं नसतं. न्यायानं हेही नोंदवायला हवं की तिसरं बक्षीस १० हजार डॉलरवरून ५० हजारांवर नेलं गेलं. पण १० लाख डॉलरच्या दुसऱ्या बक्षिसाची शक्यता ५१ लाख ५३ हजारांत एक होती, ती १ कोटी १६ लाख ८८ हजारांत एक, म्हणजे निम्म्याहूनही कमी झाली. बक्षिसांचा तक्ता घेऊन आकडेमोड केली तर दिसतं की आजच्या साच्यात जिंकणाऱ्या दर शंभर तिकिटांपैकी ९२ तिकिटांना ४ डॉलरच मिळतात. तिकिटाची किंमत वजा केली की उरले दोन. तेवढ्यात पुढच्या सोडतीचं एक तिकीट येतं.

दोन टोकं एकाच वेळी खेचली गेली आहेत. वरचं बक्षीस जवळजवळ अशक्य करायचं, म्हणजे ते न लागता पुढे सरकत राहील आणि फुगेल. खालची चिल्लर मात्र वरचेवर वाटायची, म्हणजे खेळणाऱ्याला आपण अगदीच हरत नाही असं वाटत राहील. सहज सुचण्यासारखा हा साचा नाही. तो शोधावा लागतो, आणि शोधण्याचं काम आता गणिताच्या सॉफ्टवेअरवर होतं.

ते काम फार गूढ नाही. एक्सेलमध्ये 'कॉम्बिन' नावाचं सूत्र आहे. ६९ आणि ५ हे आकडे त्यात घातले की १,१२,३८,५१३ मिळतात, त्यांना २६ नं गुणलं की वरची २९ कोटींची संख्या हजर. 'आर' किंवा 'पायथन' यांसारख्या फुकट मिळणाऱ्या साधनांनी याच्या पुढचं करता येतं. समजा, दर सोडतीला २ कोटी तिकिटं खपतात. जुन्या साच्यात सलग २० सोडती कुणालाच जॅकपॉट लागला नाही, असं होण्याची शक्यता सुमारे १० टक्के होती. नव्या साच्यात ती २५ टक्के होते. हा अगदी साधा हिशेब. खरा याहून गुंतागुंतीचा, कारण जॅकपॉट वाढला की तिकिटांचा खप वाढतो, खप वाढला की जॅकपॉट लागण्याचीही शक्यता वाढते आणि तो दोघा-तिघांत वाटला जाण्याचीही. म्हणून खेळाची हजारो काल्पनिक वर्षं संगणकावर चालवून बघतात. ५९ चे ६० केले तर काय, ६९ केले तर काय, लाल २६ ऐवजी २० ठेवले तर काय. प्रत्येक वेळी सरासरी जॅकपॉट किती, तो किती आठवड्यांनी लागतो, वर्षाचा महसूल किती. खेळणाऱ्याला किती परत द्यायचं हे आधीच बांधलेलं असतं, पॉवरबॉलमध्ये विक्रीच्या साधारण निम्मं. त्या मर्यादेत राहून जास्तीत जास्त विक्री शोधायची, हा प्रश्न संगणकाला घातलेला असतो. खेळणाऱ्याचं हित हे त्या समीकरणातलं उद्दिष्ट कधीच नसतं. फार तर ती एक अट असते.

शक्यता इतकी घसरूनही लोकांना ते का जाणवत नाही, याचं उत्तर चार्ल्स क्लॉटफेल्टर आणि फिलिप कुक या अर्थशास्त्रज्ञांनी फार पूर्वी दिलं आहे. अमेरिकी लॉटऱ्यांवरचं त्यांचं पुस्तक १९८९ चं. १९९३ च्या एका निबंधात त्यांनी दाखवलं की जास्त लोकसंख्येच्या राज्यांत लोट्टोचा, म्हणजे आकडे निवडायच्या लॉटरीचा, माणशी खपसुद्धा जास्त असतो. वरवर पाहता हे विचित्र आहे. लोकसंख्या दुप्पट झाल्यानं एकेका माणसानं जास्त तिकिटं का घ्यावीत? कारण मोठ्या राज्याला शक्यता आणखी घटवून जॅकपॉट आणखी फुगवता येतो, आणि तरीही अधूनमधून कुणीतरी जिंकलेला दिसत राहतो. माणसाला शक्यता जोखता येत नाही, त्याला दोनच गोष्टी दिसतात: बक्षीस किती, आणि ते कुणाला लागतं का. सतरा कोटींत एक आणि एकोणतीस कोटींत एक यांतला फरक कुणाच्याही अंगाला जाणवत नाही. तुमच्या नाही, माझ्याही नाही. १०० कोटी डॉलर आणि ४० कोटी डॉलर यांतला फरक मात्र पोरालाही कळतो. डिझाइन करणारे याच आंधळ्या जागेवर बोट ठेवून काम करतात. राज्यांनी एकत्र येऊन महाकाय लॉटऱ्या का काढल्या, हेही यातून समजतं.

हे शहाणपण संगणकाच्या आधीचं आहे. आकडे निवडण्याच्या लॉटरीचं मूळ इटलीतल्या जिनोवात. तिथल्या परिषदेसाठी मान्यवरांच्या यादीतून पाच नावं चिठ्ठ्या टाकून काढत, आणि कुणाची नावं निघणार यावर लोक पैजा लावत. पुढे नावं गेली, १ ते ९० हे आकडे राहिले, आणि हा खेळ युरोपभर सरकारांच्या खजिन्यात पैसा ओतू लागला. पॅरिसमध्ये १७५० च्या दशकात लष्करी शाळेच्या खर्चासाठी तो सुरू झाला. ते घडवून आणणाऱ्यांत प्रेमप्रकरणांसाठी गाजलेला कॅसानोव्हाही होता. प्रशियाच्या फ्रेडरिकनं १७४९ मध्ये अशा एका लॉटरीची योजना तपासायला दिली ती लिओनार्ड ऑयलरला. त्या काळातला सर्वांत मोठा गणिती राजासाठी लॉटरीचा हिशेब करत बसला होता, आणि पुढेही जिनोवाच्या लॉटरीवर त्यानं निबंध लिहिले.

फ्रान्सच्या त्या लॉटरीचा तक्ता पाहण्यासारखा आहे. एकच आकडा लावला तर जिंकण्याची शक्यता १८ मध्ये एक, आणि मिळत १५ पट. म्हणजे शंभरातले ८३ परत. दोन आकड्यांची जोडी लावली तर शक्यता सुमारे ४०० मध्ये एक, मिळत २७० पट. शंभरातले ६७ परत. तीन आकडे: ११,७४८ मध्ये एक, मिळत ५,५०० पट, परत ४७. चार आकडे: ५,११,०३८ मध्ये एक, ७५,००० पट, परत १५ सुद्धा नाहीत. पाचही आकडे: ४,३९,४९,२६८ मध्ये एक, मिळत १० लाख पट, शंभरातले जेमतेम सव्वादोन परत. बक्षीस जितकं डोळे दिपवणारं, तितका परतावा कमी. ज्या पायरीवर माणसाला हिशेब जमतो तिथे सरकार जवळजवळ प्रामाणिक, आणि जिथे त्याची बुद्धी थकते तिथे सरकार बेलाशक लुटतं. अडीचशे वर्षांत यंत्रं बदलली. हा नियम तसाच राहिला.

ब्रिटननं यात आपली भर घातली. १९९४ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय लॉटरीत ४९ मधून ६ आकडे निवडायचे होते, जॅकपॉटची शक्यता १,३९,८३,८१६ मध्ये एक. ऑक्टोबर २०१५ मध्ये ४९ चे ५९ केले आणि ती ४,५०,५७,४७४ मध्ये एक झाली. त्याच वेळी दोन आकडे जुळणाऱ्याला पुढच्या सोडतीचं एक तिकीट फुकट देण्याची सोय केली, आणि 'काहीतरी जिंकण्याची' शक्यता ५४ मध्ये एक होती, ती ९.३ मध्ये एक अशी दाखवता येऊ लागली. हरण्याच्या आणखी एका संधीलाच बक्षीस म्हणायचं, यापेक्षा चलाख कल्पना मला तरी सुचत नाही.

खरवडायच्या तिकिटांची, म्हणजे स्क्रॅच कार्डांची, गोष्ट आणखी उघड आहे. तिथे सोडतच नसते. कोणतं तिकीट जिंकणार हे छापखान्यातच ठरलेलं असतं. ही तिकिटं प्रथम १९७४ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यात आली, सायंटिफिक गेम्स कंपनीच्या जॉन कोझा आणि डॅनियल बावर यांच्या हातून. कोझा संगणकशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेले. त्याआधी ते किराणा दुकानांच्या जाहिरातींसाठी खरवडायची कार्डं बनवत. (पुढे त्यांनी स्टॅनफर्डमध्ये जेनेटिक प्रोग्रामिंगवर मोलाचं काम केलं, आणि अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष निवडताना प्रत्येकाच्या मताचं वजन सारखं असावं म्हणून चळवळही चालवली. माणूस एका कप्प्यात मावत नाही.) प्रश्न असा होता की लाखो तिकिटं वरून एकसारखी, यदृच्छेनं छापल्यासारखी दिसली पाहिजेत, पण एकूण बक्षिसं ठरल्या रकमेच्या बाहेर जाता कामा नयेत. म्हणजे बेशिस्त दिसणारी कडक शिस्त संगणकाकडून लिहून घ्यायची. तीन सारखी चित्रं लागत असतील तर हरलेल्या तिकिटावरही काही तरी चिन्हं छापावीच लागतात. ती कोणती, हे प्रोग्रॅम ठरवतो. दोन चित्रं जुळली आणि तिसरं हुकलं, तर खेळणारा म्हणतो, थोडक्यात गेलं. थोडक्यात गेलेलं काहीच नसतं. ते तिकीट छापलं तेव्हाच हरलेलं होतं.

टोरांटोतले मोहन श्रीवास्तव हे खाणीतल्या खनिजांचे अंदाज बांधणारे संख्याशास्त्रज्ञ. भूसांख्यिकीवर त्यांचं नावाजलेलं पाठ्यपुस्तक आहे. २००३ मध्ये ओंटारिओच्या एका 'टिक-टॅक-टो' तिकिटाकडे पाहून त्यांना वाटलं की शिस्त असेल तर तिचा माग निघालाच पाहिजे. तिकिटावर न खरवडताच दिसणारे ७२ आकडे होते. त्यांतले जे आकडे संपूर्ण तिकिटावर एकदाच आले आहेत, असे तीन एका ओळीत सापडले की ते तिकीट बहुधा जिंकलेलं असायचं. त्यांनी न खरवडलेली २० तिकिटं जिंकणारी आणि हरणारी अशी वेगळी करून लॉटरी महामंडळाकडे पाठवली. १९ बरोबर निघाली. खेळ मागे घ्यावा लागला. यातून रोज सुमारे ६०० डॉलर मिळवता आले असते, पण सल्लागाराच्या कामात त्याहून जास्त मिळतं, म्हणून त्यांनी तो नाद सोडला. त्यांचा हा हिशेब मला त्या तिकिटाच्या हिशेबापेक्षा जास्त आवडतो.

श्रीवास्तवांनी दाखवली ती चूक होती. मॅसॅच्युसेट्सच्या 'कॅश विनफॉल' या खेळात चूक नव्हती, तो सरळसरळ आराखडाच होता, आणि म्हणून ते प्रकरण मला जास्त बोलकं वाटतं. २००४ मध्ये सुरू झालेल्या या खेळात ४६ मधून ६ आकडे निवडायचे. जॅकपॉट २० लाख डॉलरपलीकडे गेला आणि कुणाला लागला नाही, तर तो खालच्या बक्षिसांत वाटला जाई. एरवी चार आकडे जुळले तर १५० डॉलर मिळत आणि पाच जुळले तर ४,०००. वाटपाच्या दिवशी हीच बक्षिसं कित्येक पटींनी वाढत. त्या दिवशी २ डॉलरच्या तिकिटाचं सरासरी मोल २ डॉलरहून जास्त होई. हे प्रथम हेरलं होतं मिशिगनमधल्या एव्हार्ट गावच्या जेरी सेल्बी या निवृत्त दुकानदारानं, तिथल्या अशाच खेळात, २००३ मध्ये. गणिताचा पदवीधर माणूस. माहितीपत्रक वाचता वाचता त्यानं मनातल्या मनात आकडेमोड केली. मिशिगननं खेळ बंद केल्यावर तो आणि त्याची पत्नी मार्ज मॅसॅच्युसेट्सला जाऊन तिकिटं घेऊ लागले. तिथे एमआयटीच्या विद्यार्थ्यांचा एक गटही पोहोचला होता. ऑगस्ट २०१० मध्ये त्या गटानं सुमारे ७ लाख तिकिटं घेऊन जॅकपॉट स्वतःच मर्यादेपलीकडे ढकलला, आणि इतर कुणाला सुगावा लागण्याआधी वाटप घडवून आणलं. बॉस्टन ग्लोबनं २०११ मध्ये प्रकरण उजेडात आणलं आणि जानेवारी २०१२ मध्ये खेळ संपला.

राज्याच्या महानिरीक्षकांच्या चौकशीत जे निघालं त्याची फारशी चर्चा झाली नाही. लॉटरीच्या अधिकाऱ्यांना हे गट ठाऊक होते, आणि त्यांनी ते चालू दिलं, कारण प्रत्येक तिकिटामागे राज्याला त्याचा हिस्सा मिळतच होता. राज्याचं नुकसान झालंच नव्हतं. मग सेल्बींचे आणि विद्यार्थ्यांचे लाखो डॉलर आले कुठून? एरवीच्या दिवशी तिकीट घेणाऱ्यांच्या खिशातून. त्यांनी भरलेला जॅकपॉट हिशेब जाणणारे लोक वाटपाच्या दिवशी उचलून नेत होते. इथे कुणी कुणाला फसवलं नाही, नियम छापील होते, तक्ता उघड होता. तरीही हा खेळ ज्याला गणित येत नाही त्याच्याकडून घेऊन ज्याला येतं त्याला देणारा पंप होता. नियम उघड असले म्हणजे आराखडा उघड झाला, असं होत नाही.

लॉटरीवरची सगळी देखरेख वेगळ्याच ठिकाणी रोखलेली असते. चेंडूंची वजनं तपासतात, यंत्रांना सील लावतात, सोडतीला साक्षीदार बसवतात. ती देखरेख हवीच. अमेरिकेच्या बहुराज्य लॉटरी संघटनेत सुरक्षेचं काम पाहणाऱ्या एडी टिप्टननं आकडे काढणाऱ्या संगणकातच अशी चोरवाट लिहिली होती की वर्षातल्या ठरावीक तारखांना निकाल आधी ओळखता यावा. २०१० च्या आयोवातल्या तिकिटावरून तो पकडला गेला आणि २०१७ मध्ये त्याला २५ वर्षांपर्यंतची शिक्षा झाली. पण विचार करा: टिप्टननं केला तो गुन्हा, कारण त्यानं नशिबात ढवळाढवळ केली. ५९ चे ६९ करणाऱ्यांनी नशिबाला हातही लावला नाही. त्यांनी फक्त नशिबाला काम करायला किती जागा ठेवायची ते ठरवलं. पहिल्यासाठी तुरुंग आहे. दुसऱ्यासाठी साधी जाहीर सुनावणीही नाही.

यावर दोन आक्षेप येतात, दोन्ही गंभीर आहेत. पहिला स्वप्नाचा. लोक वेडे नाहीत. आपण हरणार हे त्यांना ठाऊक असतं. दोन डॉलरमध्ये दोन दिवस मनोराज्य करायला मिळतं, ते ते विकत घेतात. मला हे बऱ्याच अंशी मान्य आहे. लॉटरी बंद करा म्हणणाऱ्यांत मी नाही. पण मनोराज्यासाठी सतरा कोटींत एक आणि एकोणतीस कोटींत एक सारखेच कामाचे, हे आपण वर पाहिलं. मग शक्यता घटवून स्वप्नात काय भर पडली? भर पडली ती जाहिरातीच्या फलकावरच्या आकड्यात. दुसरा आक्षेप गणित्याचा: आम्ही फक्त हिशेब करतो, वापर दुसरे ठरवतात. ऑयलरलाही हे म्हणता आलं असतं. पण हिशेबात काय वाढवायचं आणि कशाला नुसती अट मानायचं, ही निवड गणिताच्या आतच बसलेली असते. तेच सॉफ्टवेअर, तेच सूत्र घेऊन उलटा प्रश्न विचारता येतो: महसूल ठरलेला, आता जास्तीत जास्त लोकांना मोजण्याजोगं काही मिळेल असा साचा शोधा. संगणक त्याचंही उत्तर तितक्याच मुकाट्यानं देईल. असा प्रश्न त्याला कुणी घालत नाही, एवढंच.

आता आपल्याकडे. महाराष्ट्र राज्य लॉटरी १९६९ पासून चालू आहे. तिच्या आधीपासून मुंबईच्या गिरणगावात मटका होता. आधी न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराच्या भावांवर पैजा लागत; ते भाव यायचे थांबले तेव्हा पत्ते काढून आकडा ठरवायची रीत पडली. तीन पानं काढायची, बेरजेचा शेवटचा अंक तो 'ओपन', तसाच पुढे 'क्लोज', आणि दोन्ही मिळून जोडी. ही रचना कुणी केली असेल त्याला गणिताची उत्तम जाण होती, कारण तीन वेगळ्या पानांच्या १२० जुळण्या होतात आणि त्यांतल्या बरोबर १२ दर अंकाच्या वाट्याला येतात. कुठलाही अंक झुकतं माप घेत नाही. एका अंकाला साधारण नऊ पट, जोडीला नव्वद पट भाव; म्हणजे शंभरातले ९० परत. कागदावर मटका सरकारमान्य लॉटऱ्यांपेक्षा कितीतरी उदार ठरतो. मग त्यानं घरं का बुडवली? वेगामुळे. जिंकलेले पुन्हा लावायचे, तेही पुन्हा. शंभर रुपये असे दहा वेळा फिरवले तर सरासरी ३५ उरतात. आठवड्याला एकदा खेळून निम्मे गमावणाऱ्यापेक्षा रोज नव्वद टक्के परत मिळवणारा लवकर संपतो. परताव्याचा टक्का हा आराखड्याचा एक भाग. सोडती किती वेळा, हा दुसरा, आणि बहुतेकदा जास्त घातक.

आपल्या संसदेला हे कळलं होतं. १९९८ च्या लॉटरी नियमन कायद्यानं एका अंकावर बक्षीस द्यायला मनाई केली आणि एका लॉटरीची आठवड्यातून एकापेक्षा जास्त सोडत नको असं सांगितलं. या नैतिक उपदेशाच्या तरतुदी नाहीत, खेळाच्या आराखड्यावरच्या तरतुदी आहेत. आराखडा हा धोरणाचा विषय आहे, हे त्यात मान्य केलेलं आहे. पण पाऊल तिथेच थांबलं. कायदा एका अंकाबद्दल बोलतो, दोन अंकांबद्दल गप्प आहे. २०१० च्या नियमांनी एका राज्याच्या सगळ्या योजना मिळून दिवसाला २४ सोडतींपर्यंत वाट मोकळी ठेवली. त्यात कराची भर. सप्टेंबर २०२५ पासून लॉटरीवर ४० टक्के जीएसटी आहे, तोही बक्षिसाची रक्कम न वगळता तिकिटाच्या पूर्ण किमतीवर. तिकिटावर छापलेल्या शंभर रुपयांतले साधारण साडेअठ्ठावीस रुपये त्यात जातात. उरलेल्या रकमेत बक्षिसं, विक्रेत्याचं कमिशन आणि राज्याचा नफा बसवायचा. म्हणजे कुठेतरी कात्री लागणार. पहिलं बक्षीस सहसा कापलं जात नाही, ते फलकावर असतं. मधली बक्षिसं किती कापली हे बघायला कोण जातं?

आपल्याकडची कागदी लॉटरी अमेरिकेच्या मानानं सरळ आहे. तिकिटांच्या मालिका ठरलेल्या, बक्षिसांची यादी जाहीर, हिशेब करायचाच म्हटलं तर करता येतो. दहावीच्या गणितात महाराष्ट्राचं मंडळ संभाव्यता शिकवतं. नाणी, फासे, पत्त्यांचा कॅट, सगळं असतं. एका हातानं संभाव्यता शिकवणारं आणि दुसऱ्या हातानं तिकीट विकणारं सरकार एकच आहे. त्यानं आपल्या माजी विद्यार्थ्यांना उत्तरपत्रिका दाखवायला हरकत नसावी.

नुसती 'इतक्यांत एक' अशी शक्यता छापून भागत नाही, हे पॉवरबॉलनं दाखवलंच आहे; तिथे ती छापतातच. छापायला हवं ते साधारण वर्षाचं चित्र. पॉवरबॉलच्या आठवड्याला तीन सोडती असतात. प्रत्येक सोडतीला एक तिकीट घेणारा माणूस वर्षाला ३१२ डॉलर घालतो, आणि बहुतेक वर्षी त्याच्या हाती साधारण २५ डॉलर परत येतात, तेही चार-चारच्या तुकड्यांत. हे एक वाक्य २९ कोटींच्या त्या संख्येपेक्षा जास्त सांगतं. सॉफ्टवेअर ते क्षणात काढून देतं; खेळ ठरवताना ते काढलेलं असणारच.

महाराष्ट्राच्या वित्त विभागाला आणि राज्य लॉटरीच्या कार्यालयाला म्हणून माझी विनंती आहे. प्रत्येक योजनेच्या जाहिरातीत, पहिल्या बक्षिसाच्या आकड्याशेजारी आणि त्याच आकाराच्या अक्षरांत, तीन गोष्टी द्या: शंभर रुपयांमागे बक्षिसांत किती परत जातात, पहिलं बक्षीस वगळलं तर किती, आणि वर्षभर दर सोडतीला एक तिकीट घेणाऱ्याच्या हाती बहुधा किती उरतं. योजना बदललीत, तर आधीचा आणि नंतरचा तक्ता शेजारी शेजारी विधिमंडळापुढे ठेवा आणि बदल का केला ते लिहा. त्याला नवा कायदा लागत नाही. तक्ते तुमच्या संगणकात आहेत.